मोटारींतील रेडिओ आणि खिशांतील संगीत

प्रवासांत संगीत ऐकावें ही हौस जुनी असली, तरी मोटारींत बसल्या बसल्या तें ऐकण्याची सोय फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटारींत बसवितां येण्याजोगा रेडिओ विक्रीस काढिला व त्यास 'मोटोरोला' हें नांव दिलें. तेव्हांपासून पुष्कळ वर्षें मोटारींतील संगीतावर रेडिओचीच सत्ता चालली. तो जें ऐकवील तें प्रवाशांनीं ऐकावें, असा प्रकार होता. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत आपली छोटी कॅसेट मांडली आणि ही सत्ता ढिली झाली. १९७९ सालीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन निघाला, तेव्हां संगीत मनुष्याच्या कमरेस येऊन लटकलें. २००१ सालीं ॲपल कंपनीचा आयपॉड आला, तेव्हां तें खिशांत शिरलें. आयपॉडचें उत्पादन २०२२ सालीं बंद झालें, कारण तोंवर प्रत्येकाचा मोबाइलच तें काम करूं लागला होता.

परंतु मोबाइलचा स्पीकर तो केवढा! इंजिनाची घरघर व रस्त्यावरील कर्णकटु गोंगाट यांपुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. उलट मोटारीच्या दारांत चांगले मोठे स्पीकर बसविलेले असतात, परंतु ते मोटारींतील रेडिओच्या अंकित. या दोघांची गांठ कशी घालावी, हा या लेखाचा विषय होय. विषय क्षुल्लक भासेल. पण बाजारांतून पहिलें दिसेल तें उपकरण आणावें, त्यांतून खरखर ऐकूं आली म्हणजे दुसरें आणावें, आणि शेवटीं कंटाळून चांगला चालता रेडिओच भंगारांत काढावा, असें करणारीं अनेक कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. हा सारा खर्च बहुधा अज्ञानाचा असतो. जें पदार्थविज्ञान आपण शाळेंत शिकतों तेवढ्यानें तो टळण्यासारखा आहे.

प्रथम रेडिओच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. गाडीच्या बाहेरील एरिअल विद्युच्चुंबकीय लहरी पकडते. त्या अनेक लहरींतून हवी ती निवडून तिच्यावर आरूढ झालेला ध्वनि वेगळा काढणें हें ट्यूनरचें काम. कॅसेट लाविली असेल, तर तिच्या फितीवरील चुंबकत्वापासून ध्वनि उत्पन्न करणें हें हेडचें काम. या दोन्ही वाटांनीं शेवटीं एकच वस्तु हातीं येते, ती म्हणजे ध्वनीच्या कंपनांप्रमाणें कमीजास्त होणारा एक अति दुर्बळ विद्युत्प्रवाह. त्यास ॲम्प्लिफायर बळ देतो आणि मग तो स्पीकरचा पडदा हालवूं शकतो. आतां मोबाइलच्या हेडफोनच्या भोकांतून जें बाहेर पडतें तोही असाच दुर्बळ प्रवाह होय. म्हणजे जात एकच आहे. अडचण फक्त दाराची आहे. रेडिओस कोणतें दार आहे हें पाहून त्या दारानें हा पाहुणा आंत न्यावयाचा. एवढें मात्र ध्यानीं धरावें कीं, दार ॲम्प्लिफायरच्या जितकें जवळ, तितकीं रूपांतरें कमी. आणि रूपांतरें जितकीं कमी, तितका आवाज निर्मळ.

सर्वांत जवळचें दार म्हणजे 'ऑक्स' या नांवाचें ३.५ मिलिमीटर व्यासाचें वाटोळें भोक. तें रेडिओच्या दर्शनी भागावर, कधीं पाठीमागें, तर कधीं हातमोजे ठेवण्याच्या खणांतही असतें. आपल्या गाडीस तें आहे हें मालकास वर्षानुवर्षें ठाऊक नसतें, असेंही घडतें. दोन्ही टोकांस पिना असलेली एक तार आणावी, एक टोंक मोबाइलांत व दुसरें या भोकांत घालावें, कीं काम झालें. पिनेकडे बारकाईनें पाहिलें तर तिच्यावर काळ्या कड्यांनीं विभागलेले तीन धातूचे भाग दिसतील. टोंकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा, आणि बुडाचा दोघांच्या परतीच्या प्रवाहाचा. हें ज्ञान व्यर्थ नाहीं. पीन अर्धवट बसली व परतीची वाट तुटली, तर एक चमत्कारिक गोष्ट घडते: तबला, पेटी, सारंगी अस्पष्टपणें ऐकूं येतात, परंतु गाणारा नाहींसा होतो! कारण गायकाचा आवाज मुद्रण करितांना बहुधा दोन्ही बाजूंस समसमान ठेवलेला असतो, आणि परतीची वाट नसली म्हणजे स्पीकरांस दोन्ही बाजूंची केवळ वजाबाकी पोंचते. समान तें समानांतून वजा गेलें, बाकी शून्य. अशा वेळीं गाण्यास अगर मोबाइलला दोष न देतां पीन जरा दाबून बसवावी.

२०१६ पासून पुष्कळ मोबाइलांतून हें भोक काढून टाकण्यांत आलें आहे. त्यांस एक आंखूड जोडतार लागते. ही तार घेतांना ती आपल्याच मोबाइलवर चालवून पाहावी. कारण कांहीं तारांत अंकांचा ध्वनि करणारें यंत्र असतें व कांहींत नुसती तारच असते, आणि ही दुसरी जात प्रत्येक मोबाइलवर चालत नाहीं.

तारेनें जोडल्यावर आवाजाच्या दोन तोट्या आपल्या हातीं येतात, एक मोबाइलची व एक रेडिओची. मोबाइलची तोटी अगदीं बारीक ठेवून रेडिओची पूर्ण सोडावी, तर ॲम्प्लिफायर गाण्याबरोबर स्वतःची व तारेची खरखरही तितक्याच पटीनें वाढवितो. उलट मोबाइलची पूर्ण सोडावी, तर कांहीं यंत्रांचा आवाज फाटतो. यास्तव मोबाइलचा आवाज सुमारें पाऊण ठेवून तो तेथेंच राहूं द्यावा, आणि पुढील सर्व कमीजास्त रेडिओच्या बटणानें करावें. ही साधी गोष्ट न पाळल्यामुळें 'तार निकृष्ट आहे' असा शेरा मारून टाकून दिलेल्या तारा किती असतील कोण जाणे.

परंतु या पद्धतींत एक व्याधि आहे, व तिचें कारण मनोरंजक आहे. मोबाइल नुसता जोडला असतां संगीत स्वच्छ येतें. पण तोच मोबाइल गाडींतील लायटरच्या सॉकेटांत चार्जिंगला लावला कीं, गाण्यामागें बारीक शीळ सुरू होते, व ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी तिची पट्टी चढत जाते. मोटारींत विजेच्या परतीसाठीं वेगळी तार नेलेली नसते; गाडीचा लोखंडी सांगाडाच ती वाट असतो. आतां मोबाइलपासून सांगाड्यापर्यंत परतीच्या दोन वाटा झाल्या, एक ऑक्सच्या तारेंतून व दुसरी चार्जरमधून. दोन्ही मिळून एक वेटोळें बनलें. सांगाड्याच्या निरनिराळ्या ठिकाणीं विजेचा दाब किंचित् निरनिराळा असतो आणि इंजिनाबरोबर फिरणारा आल्टरनेटर त्यांत सतत लहरी उठवीत असतो. त्या लहरी वेटोळ्यांतून ऑक्सच्या तारेंत उतरतात, आणि बिचारा ॲम्प्लिफायर त्यांसही गाणें समजून मोठें करितो. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढावा, शीळ थांबली तर निदान ठरलें. घरूनच मोबाइल भरून आणणें हा बिनखर्ची उपाय. तो न साधल्यास 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नांवाची लहानशी डबी तारेंत घालावी. तिच्यांत दोन छोटे ट्रान्स्फॉर्मर असतात. एका वेटोळ्यांतील प्रवाह बदलला कीं शेजारच्या वेटोळ्यांत, तारेचा तारेस स्पर्श नसतांही, प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. त्याच न्यायानें गाणें पलीकडे जातें, परंतु धातूची वाट तुटल्यामुळें शीळ अलीकडेच राहते. अगदीं स्वस्त डबींत खर्जाचे सूर थोडे बारीक होतात, इतकेंच.

ज्या जुन्या गाड्यांत ऑक्सचें भोक नाहीं पण कॅसेटचें तोंड आहे, त्यांच्यासाठीं मनुष्याच्या बुद्धीनें जी युक्ति काढिली ती आम्हांस या साऱ्या पद्धतींत अधिक कौतुकास्पद वाटते. खऱ्या कॅसेटमध्यें ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या गतीनें हेडपुढून सरकते. फितीवर चुंबकत्वाचे चढउतार कोरलेले असतात. हेड म्हणजे एक फट ठेवलेलें कडें व त्यावर गुंडाळलेली तार. फटीपुढून बदलतें चुंबकत्व गेलें कीं तारेंत बदलता प्रवाह उठतो. येथेंही फॅरडेच. आतां विचार करावा कीं, हेडला फितीची गरज आहे काय? त्यास हवें आहे तें केवळ बदलतें चुंबकत्व. तें फितीनें आणिलें कीं आणखी कोणीं, हें त्यास समजण्याचा मार्ग नाहीं. म्हणून कॅसेटच्याच आकाराची एक प्लास्टिकची पेटी करून, फीत जेथें हेडला भिडते नेमक्या त्या जागीं दुसरें एक हेड बसविलें, व त्याची तार बाहेर काढून मोबाइलच्या भोकांत घातली. मोबाइलचा प्रवाह या हेडमध्यें चुंबकत्व उठवितो, समोरील हेड तें टिपतें, आणि रेडिओ समजतो कीं आपण कॅसेट वाजवीत आहों. जणूं एकच ट्रान्स्फॉर्मर मधोमध चिरून त्याचें एक अर्ध गाडीस व एक अर्ध आपल्या हातीं दिलें आहे.

कॅसेट वाजविणारें यंत्र मात्र आपल्यापरी सावध असतें. फीत संपली म्हणजे आंतील चक्रें थांबतात, आणि चक्रें थांबलीं कीं तें कॅसेट बाहेर फेकतें किंवा उलट दिशेनें फिरवूं लागतें. या पेटींत तर फीतच नाहीं! म्हणून तिच्यांत दांत्यांचीं चाकें घालून एका चक्राची गति दुसऱ्यास पोंचविलेली असते, कीं यंत्राची समजूत कायम राहावी. हींच चाकें पेटी जुनी झाल्यावर कुरकुरतात, व गाणें मंद असतां ती कुरकुर कानीं येते. आवाज एकाच बाजूनें येत असेल अथवा दबलेला वाटत असेल, तर दोन हेड नीट समोरासमोर आलेलीं नाहींत असें समजावें. पेटी काढून पुन्हां बसवावी, अथवा उलटी दिशा देणारें बटण दाबून पाहावें. रेडिओवर डॉल्बी हें बटण असल्यास तें बंद ठेवावें. तें बटण त्याच पद्धतीनें मुद्रित केलेल्या फितींची सळसळ घालविण्यासाठीं आहे. येथें तशी फीत नसल्यामुळें तें गाण्यांतले बारीक, उंच सूरच मारून टाकितें. आणि वैशाखाच्या उन्हांत ही पेटी डॅशबोर्डवर विसरूं नये. प्लास्टिक वांकडें झालें कीं मग ती तोंडांत शिरत नाहीं, किंवा शिरली तर निघत नाहीं.

ऑक्सही नाहीं व कॅसेटही नाहीं, अशा गाडीस राहतें तें एरिअलचें दार. त्यासाठीं एफ्. एम्. ट्रान्समीटर नांवाची डबी मिळते. ती म्हणजे एक चिमुकलें आकाशवाणी-केंद्रच! मोबाइलचें गाणें ती ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ यांमधील एखाद्या लहरीवर चढवून प्रक्षेपित करिते, व गाडींतील रेडिओ त्या जागीं लाविला कीं गाणें ऐकूं येतें. येथें रूपांतरें पाहावीं: प्रवाहाची लहर झाली, लहर हवेंतून गेली, एरिअलनें पकडली, ट्यूनरनें तिचा पुन्हां प्रवाह केला. शिवाय एफ्. एम्. प्रक्षेपणांत सेकंदास सुमारें १५,००० कंपनांवरचे सूर मुळांतच कापले जातात. इतका वळसा घालून आलेलें गाणें ताजेंतवानें राहत नाहीं, यांत नवल नाहीं.

खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. हीं चिमुकलीं केंद्रें दुसऱ्यांच्या रेडिओंत घुसूं नयेत म्हणून त्यांची शक्ति अत्यंत अल्प ठेवणें भाग असतें. ब्रिटनमध्यें तर विनापरवाना असें यंत्र वापरणें डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदेशीर होतें. मोकळीक मिळाली तेव्हां मर्यादा ठरली ५० नॅनोवॅट, म्हणजे एका वॅटचा दोन कोटींवा हिस्सा. आतां एक हिशेब करूं. समजा, आपली डबी एरिअलपासून १ मीटरवर आहे व तिची शक्ति ५० नॅनोवॅट आहे. आणि एक मोठें केंद्र २० किलोमीटरवर असून त्याची शक्ति १० किलोवॅट आहे. अंतर दुप्पट झालें कीं लहरीची तीव्रता चौपटीनें घटते, हा नियम लावून गणित केलें, तर मोठ्या केंद्राची लहर आपल्या डबीच्या लहरीहून ५०० पट तीव्र ठरते. शिवाय आपली डबी गाडीच्या पत्र्याच्या आंत व एरिअल बाहेर! एफ्. एम्. रेडिओचा स्वभाव असा कीं, एकाच जागीं दोन लहरी आल्या तर तो प्रबळ लहर धरितो व दुर्बळ दाबून टाकितो. म्हणून ज्या जागीं कोणतेंच केंद्र लागत नाहीं, नुसती फसफस ऐकूं येते, अशी जागा शोधून तीच ट्रान्समीटरवर लावावी, आणि शेजारच्या दोन्ही जागाही रिकाम्या आहेत हें पाहावें.

लहान गांवीं अशी जागा क्षणांत सांपडते. मुंबईसारख्या शहरीं ती शोधावी लागते, आणि सांपडली तरी टिकत नाहीं. मुंबईहून पुण्यास निघालेल्या गाडीचें उदाहरण घ्यावें. मुंबईंत जी जागा मोकळी होती ती पुण्यांतही मोकळी असेल असें नाहीं. आणि मध्यें बोरघाट चढूं लागावें तसतशी एरिअल उंचावर जाते व दूरदूरचीं केंद्रें तिच्या टप्प्यांत येतात, कारण या लहरी जवळजवळ दृष्टीप्रमाणें सरळ रेषेंत जातात. भूपाळी चालली असतां मध्येंच साबणाची जाहिरात ऐकूं येते, ती यामुळें. एरिअल मोडकी असेल तर ती आधीं दुरुस्त करावी. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांच्या काठीसारख्या एरिअल साधारण एवढ्या लांब कां असत, तें यावरून कळेल.

घाटांत चालकानेंच एका हातानें नवी जागा शोधीत बसणें हा मात्र आत्मघात होय. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. तीन सेकंद डोळे रस्त्यावरून हलले, तर ५० मीटर आंधळेपणीं काटले. आपल्या देशांतील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें गाडी चालवितांना हातांत मोबाइल धरून वापरणें हें धोकादायक चालविण्याच्या गुन्ह्यांत घातलें आहे. गाण्यांची यादी गाडी सुरू करण्यापूर्वीं लावावी. वाटेंत बदल हवाच असेल तर तो शेजारीं बसलेल्यानें करावा. पद्धति निवडतांनाही हा विचार आवाजाच्या गोडीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि या कसोटीस एफ्. एम्. ट्रान्समीटर सर्वांत खालीं उतरतो असें आमचें मत आहे.

नव्या गाड्यांत ब्लूटूथ असतें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड नामक राजाचें टोपणनांव या बिनतारी पद्धतीस दिलें गेलें, व १९९८ सालीं पांच कंपन्यांनीं तिच्यासाठीं मंडळ स्थापिलें. येथें ध्वनि अंकरूपानें जातो, आणि लहर सेकंदास १६०० वेळां जागा बदलीत जात असल्यामुळें शेजाऱ्यांशीं टक्कर क्वचित् होते. जुन्या गाडीस ऑक्सचें भोक असेल तर त्यांत बसणारा लहान ब्लूटूथ ग्राहक मिळतो, आणि तो उत्तम काम देतो. परंतु लायटरच्या सॉकेटांत बसणारी जी डबी 'ब्लूटूथ' म्हणून विकली जाते, ती पुष्कळदां मोबाइलपासून स्वतःपर्यंतच ब्लूटूथ असते. तेथून रेडिओपर्यंत तोच आपला एफ्. एम्. ट्रान्समीटर! घेणाऱ्यानें विक्रेत्यास एवढेंच विचारावें कीं, रेडिओवर आंकडा लावावा लागतो काय. लागत असेल, तर वर सांगितलेल्या साऱ्या अडचणी तिच्याबरोबर घरीं येतील.

रेडिओस यूएसबीचें तोंड असेल तर मोबाइलचीही गरज नाहीं. पेन ड्राइव्हवर गाणीं भरावीं, अंकांचा ध्वनि रेडिओ स्वतः करितो. पेन ड्राइव्ह वाचला गेला नाहीं, तर तो बहुधा मोडलेला नसतो. त्याची मांडणी रेडिओस न समजणारी असते. ती संगणकावर 'फॅट ३२' या प्रकारची करून द्यावी, मात्र तसें करतांना आंतील सर्व कांहीं पुसलें जातें, म्हणून गाणीं आधीं दुसरीकडे उतरून ठेवावीं.

राहिल्या त्या फार जुन्या फियाट व ॲम्बॅसडर, ज्यांच्या रेडिओंत केवळ मीडियम वेव्ह लागे. त्यांस कॅसेट नाहीं, ऑक्स नाहीं, आणि एफ्. एम्. ट्रान्समीटरची भाषा त्यांस मुळींच समजत नाहीं. जुना रेडिओ शोभेसाठीं जागीं ठेवून खणांत लपविलेला लहान ॲम्प्लिफायर व वेगळे स्पीकर बसविणें हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे रेडिओ उघडून, आवाज कमीजास्त करण्याच्या बटणापाशीं, जेथें ट्यूनरचें काम संपून ॲम्प्लिफायरचें सुरू होतें, तेथें ऑक्सची तार आंतून जोडून घेणें. दार नव्हतें तेथें भिंत फोडून दार करणें तें हेंच. पण हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें. मोटारीची बॅटरी ६ वा १२ व्होल्टची असली, तरी जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत तो दाब आंतल्या आंत चढवून दोनशें व्होल्टच्या आसपास नेलेला असतो, आणि रेडिओ बंद केल्यावरही तो आंतील कपॅसिटरांत कांहीं वेळ टिकून राहतो.